‘हॅव’ दिसलं की वेळ तपासा

‘मी पत्र काल पाठवलं आहे’ हे मराठीत चालतं. म्हणून हात सहज ‘आय हॅव सेंट द लेटर यस्टरडे’ लिहून जातो, आणि इंग्रजीत ते चूक ठरतं. संपलेली वेळ सांगितली की तिथे साधा भूतकाळच हवा.

लिहून झाल्यावर क्रियापदाला जोडून आलेल्या प्रत्येक ‘हॅव’, ‘हॅज’खाली रेघ मारा. त्याच वाक्यात यस्टरडे, लास्ट वीक, अगो, ‘इन 2019’ असं काही सापडलं, तर ‘हॅव’ काढा. पण तेवढ्यावर थांबू नका! ‘आय हॅव सीन’मधून नुसतं ‘हॅव’ काढलं तर ‘आय सीन’ उरतं. क्रियापदही दुसऱ्या रूपात आणायला हवं: सॉ, वेंट, रोट, टुक. ‘सेंट’, ‘वर्क्ड’ यांची दुसरी-तिसरी रूपं सारखीच असल्याने तिथे हा घोटाळा कळतच नाही, म्हणून सराव रूप बदलणाऱ्या क्रियापदांवरच करा.

‘व्हेन’ने विचारलेल्या प्रश्नालाही हेच लागू: ‘व्हेन डिड यू कम?’ डिडनंतर मूळ रूप.

‘सिन्स 2019’ असेल तर मात्र ‘हॅव’ राहू द्या. तो काळ आजपर्यंत चालू आहे.