क्रूझ बंदरात आठ तास थांबणार, मग माया अवशेष कुठले बघायचे?

जळगाव-धुळ्याकडचे आई-वडील अमेरिकेत मुलांकडे गेले की हल्ली एखादी क्रूझ ठरलेलीच असते. जहाज मेक्सिको-बेलीझच्या बंदरांना लागतं आणि घरातल्या सगळ्यांना मेक्सिकोतल्या प्राचीन माया लोकांचं पिरॅमिडचं शहर, चिचेन इत्झाच बघायचं असतं, कारण फोटो तोच पाहिलेला असतो. बुकिंगआधी कागद घ्या आणि तास मांडा.

समजा जहाज कोझुमेलला सकाळी ८ ला लागतं, ५ ला सुटतं. जहाजावर परतायची शेवटची वेळ बहुधा अर्धा तास आधीची, म्हणजे ४:३०. खाली उतरेपर्यंत ८:३०. कोझुमेल हे बेट आहे. जहाजाचे बहुतेक धक्के गावाच्या दक्षिणेला, तर फेरी गावातून सुटते, म्हणजे आधी टॅक्सी. ९ ची फेरी मिळाली तर ९:४५ ला पलीकडच्या किनाऱ्यावरचं प्लाया देल कार्मेन. १० ला गाडीत बसलात तर चिचेन इत्झाला पोचायला १२:१५. परतीची ३ ची फेरी धरायची तर तिथून १२:३० ला निघावं लागेल. हातात राहिली पंधरा मिनिटं, त्यात तिकिटाची रांग!

त्याच फेरीने तुलुम या माया शहराला गेलात तर ११ पर्यंत पोचता आणि दीडपर्यंत निवांत फिरता. तेरावं ते पंधरावं शतक हा या शहराचा भरभराटीचा काळ. तीन बाजूंनी तट, चौथीकडे समुद्राचा कडा. पार्किंगपासून दारापर्यंत बरंच चालणं आहे, ते वेळेत धरा. फेरीला लाटा लागल्या की भलेभले पोट धरून बसतात. तसं असेल तर बेटावरचंच सान हेर्वासियो घ्या. चाळीसगावहून पाटणादेवी गाठावं इतकं ते जवळ आहे. बांधकाम ठेंगणं आहे, पण ईश्चेल देवीचं हे क्षेत्र. दर्शनाला बायका होडीतून समुद्र ओलांडून येत.

चिचेन इत्झा बघायचंच असेल तर प्रोग्रेसोला थांबणारी क्रूझ निवडा. तिथून रस्ता सरळ, साधारण दोन तासांचा. तिथल्या मोठ्या पिरॅमिडच्या चारही बाजूंच्या ९१-९१ पायऱ्या आणि वरची एक मिळून ३६५ होतात. मोजायच्या मात्र खालूनच, वर चढू देत नाहीत. आमचं मत विचाराल तर प्रोग्रेसोहून उश्माल हे माया शहरच घ्या. वेळ जवळपास तेवढाच लागतो, गर्दी कमी आणि दगडावरचं कोरीवकाम सरस. भिंतींच्या कोपऱ्यांवर पर्जन्यदेव चाकचे लांब नाकाचे मुखवटे एकावर एक रचलेत. तिथे नदी नाही, पाणी टाक्यांत साठवायचं. मग पावसाच्या देवाची एवढी मनधरणी का, हे अमळनेर-पारोळ्याच्या माणसाला सांगायला नको. लांबचा प्रवास झेपत नसेल तर अर्ध्या तासावर झिबिलचाल्तून आहे.

कोस्टा मायाला जहाज लागलं तर फार विचार नको, तासाभरावरचं चाकचोबेन बघा. झाडीतले देऊळवजा पिरॅमिड आहेत, सावली भरपूर. कोहुनलिचचे चुनेगच्चीतले मोठे मुखवटे सुंदर आहेत, पण ते दुपटीने लांब.

बेलीझ सिटीत समुद्र उथळ, त्यामुळे जहाज लांब उभं राहतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. जाता-येता मिळून एक तास त्यातच जाईल असं धरा. म्हणून तासाभराच्या रस्त्यावरचं ‘अल्तुन हा’ हे ठिकाण सोयीचं. सूर्यदेवाचं साडेचार किलोच्या आसपास वजनाचं जेडचं (हिरव्या मौल्यवान दगडाचं) मस्तक १९६८ मध्ये इथेच सापडलं. इथल्या पिरॅमिडवर चढू देतात. उतरताना मात्र पायऱ्यांवर आडवं पाऊल टाका, पायरी उंच आणि अरुंद आहे. लामानाय या दुसऱ्या माया शहराला बस आणि मग नदीतून बोट असा प्रवास आहे. तो जहाजाच्या सहलीतूनच करा.

ग्वातेमालाच्या सांतो तोमासला थांबा असेल तर किरिग्वा चुकवू नका. सर्वांत उंच शिलास्तंभ १०.६ मीटरचा आहे. त्यावर कोरलेल्या तारखांत रेघ म्हणजे ५, ठिपका म्हणजे १. दोन रेघा, तीन ठिपके म्हणजे १३. माया लोकांकडे शून्यालाही चिन्ह होतं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं वाचलेल्या माणसाला हे स्तंभ पटकन सोडवत नाहीत.

बोट चुकू शकते ती घड्याळामुळेही. कोझुमेल किंताना रू राज्यात, चिचेन इत्झा युकातान राज्यात. युकातानची वेळ एक तास मागे. तिथे पोचताच मोबाइल आपोआप तासभर मागे जातो आणि माणूस ‘अजून वेळ आहे’ म्हणून टोप्या घेत बसतो. जहाजाची वेळ आणखी वेगळी असू शकते. मोबाइलची आपोआप वेळ बंद करा, मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. जहाजाने विकलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. स्वतः केलेल्या गाडीसाठी थांबत नाही. तिथे पुरेसा जादा वेळ हाताशी ठेवा.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तो मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा, नाहीतर परतताना अडचण. बेलीझ-ग्वातेमालाचं जहाज कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

भुसावळचं ४५ अंशांचं ऊन सोसलेल्यांनीही तिथल्या ३३ अंशांना हलकं समजू नये. हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि तासाभरात चक्कर येते. माणशी दोन लिटर पाणी, मिठाची पुडी, टोपी, डासांचं मलम आणि तिकिटासाठी तिथलं रोख चलन (मेक्सिकोत पेसो) जवळ ठेवा. जहाजावरची फळं खाली न्यायची नाहीत. घरून आणलेलं केळी वेफर्सचं सीलबंद पाकीट चालतं. जेवणात मक्याची पोळी चालेल, पण घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते. स्पॅनिशमध्ये ‘सिन कार्ने, सिन मांतेका’ म्हणजे मांस नको, चरबी नको. हे चिठ्ठीवर लिहून दाखवा.