गहू आणि जव: भातकापणीनंतरच्या रब्बीसाठी कोकणातील शेतकऱ्यांना सल्ला

हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या, भाताची कापणी आटोपून खाचरे मोकळी झाली की वाल, चवळी आणि कुळीथ यांच्या बियाण्याबरोबर काही शेतकरी गव्हाची व जवाचीही चौकशी करतात. जव म्हणजे कमी पाण्यावर आणि कमी खतावर येणारा गहूच, असा त्यामागचा समज असतो. पाण्याच्या व खताच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. परंतु जमिनीच्या बाबतीत ही दोन पिके इतकी वेगळी वागतात की, गव्हासाठी निवडलेल्या खाचरात जव पेरून दोन्हींची तुलना करणारा शेतकरी हमखास फसतो.

प्रथम नावाचा घोळ दूर करावा. जवालाच सातू असेही म्हणतात. मात्र आपल्या घरी होणारे सातूचे पीठ बहुधा भाजलेले गहू आणि डाळे यांचे असते, त्यात जव असेलच असे नाही. जवस हे तर तेलबियांचे निराळेच पीक आहे. दुकानात केवळ ‘जव द्या’ असे सांगून आणलेल्या पुडीत जवस निघाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून पुडी तेथेच उघडून पाहावी. किराणा दुकानातील गुळगुळीत पांढरे बार्लीचे दाणे पेरणीस निरुपयोगी असतात, कारण साल घासून काढताना त्यांचा अंकुरही निघून गेलेला असतो. पूजासाहित्याच्या दुकानातील सालासकटचे जव उगवतात खरे, पण ते किती जुने आहेत आणि कोणत्या वाणाचे आहेत हे कळत नसल्याने पेरणीसाठी तेही घेऊ नयेत.

दोन्ही दाणे तळहातावर घेतल्यास फरक लगेच दिसतो. गव्हाचा दाणा मळणीत तुसातून मोकळा होतो, तर जवाचे तूस दाण्याला चिकटूनच वाढते आणि नखाने खरवडले तरी सहजी सुटत नाही. खपली गहूही तुसासकटच मळला जातो, पण त्याचे तूस दाण्याला चिकटलेले नसते, म्हणून कांडल्यावर ते वेगळे होते. जवाचे तूस मात्र घासूनच काढावे लागते. दाण्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा या तुसाचा असतो आणि त्यामुळेच एका पायलीत भरणारे जव त्याच पायलीतल्या गव्हापेक्षा हलके भरतात. देवाणघेवाण मापाने होत असेल तर हे आधीच लक्षात घ्यावे. तूस पूर्णपणे सुटणारे नग्न जवही असतात, मात्र बाजारात दिसणारे बहुतेक जव तुसाचेच असतात.

रोपावस्थेतील ओळख नवरात्रातल्या घटाच्या रुजवणीवरून करता येते. रुजवण शेतात सोडण्याऐवजी चार रोपे कुंडीत लावून पंधरवडाभर वाढू द्यावीत. पानाचे आवरण जेथे संपते आणि पाते बाहेर वळते, तेथे दोन्ही बाजूंना कानासारखे लहान पडदे असतात. जवाचे हे कान लांब असतात, खोडाला वेढून एकमेकांवर चढतात आणि त्यांच्यावर केस नसतात. गव्हाचे कान आखूड असून त्यांच्या कडेला बारीक केस दिसतात. पुढे ओंबी निसवल्यावर हा फरक आणखी ठळक होतो. गव्हाच्या ओंबीत प्रत्येक पेरावर एकच कणिशक (फुलांचा लहान झुबका) असते आणि त्यात अनेक फुले असतात, तर जवाच्या ओंबीत प्रत्येक पेरावर एकेका फुलाची तीन कणिशके असतात. तिन्ही भरली तर तो सहा रांगी जव, आणि केवळ मधले भरले तर दोन रांगी. पक्व होताना जवाची ओंबी बहुधा खाली वाकते आणि तिची लांब कुसळे कापणीच्या वेळी अंगाला चांगलीच बोचतात.

आता जमिनीकडे वळू, कारण कोकणात या पिकांचा निर्णय तेथेच होतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडापासून झालेली तांबडी माती अतिपावसाने धुपून आम्लधर्मी झालेली असते. अशा मातीत विरघळणारे अ‍ॅल्युमिनियम मुळांची टोके मारते, आणि तृणधान्यांमध्ये जव या बाबतीत फारच नाजूक आहे. गहू त्या मानाने थोडा अधिक टिकतो. म्हणून वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीत किंवा सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) ६ च्या खाली असलेल्या खाचरात, चुना देऊन माती सुधारल्याखेरीज, जव पेरू नये. रोपे उगवतात, हिरवी दिसतात आणि तीनचार आठवड्यांनी खुंटून पिवळी पडतात. त्या वेळी युरिया टाकून काहीही साधत नाही.

पेण, अलिबाग आणि पनवेलकडील खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या पट्ट्यात, याच्या उलट परिस्थिती असते. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचे माप, दर मीटरला ६ डेसिसायमनपर्यंत असली तर गहू उत्पादनात फारशी घट न होता येतो, जव ८ पर्यंत. त्यापुढे दर एककामागे गव्हाचे उत्पादन सुमारे ७ टक्क्यांनी आणि जवाचे ५ टक्क्यांनी घटते. भाताची हीच मर्यादा ३ च्या आसपास आहे. हे आकडे संपृक्त अर्काचे आहेत, आणि आपल्याकडील माती परीक्षण अहवालात बहुधा माती व पाणी यांचे १ : २.५ प्रमाण ठेवून घेतलेली, म्हणजे बरीच कमी दिसणारी वाहकता लिहिलेली असते. म्हणून अहवालातील २ हा आकडा पाहून जमीन गोडी आहे असे समजू नये; कोणत्या पद्धतीने मोजणी केली, हे प्रयोगशाळेलाच विचारावे.

तरीही, खारेपाटात जव पेरावेत असा सरसकट सल्ला देता येत नाही, आणि त्याचे कारण पाणी आहे. पावसाळ्यात वरच्या थरातील क्षार धुऊन जातात, पण पाऊस थांबला की खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढू लागते आणि जानेवारी-फेब्रुवारीत, नेमका दाणा भरण्याच्या वेळी, ढेकळांवर पांढरा पापुद्रा दिसू लागतो. त्यामुळे पेरणी लवकर करावीशी वाटते. परंतु कापणीनंतर लगेच खाचर ओलेच असते, आणि साचलेले पाणी जवाला गव्हापेक्षाही कमी सोसते. माझ्या मते येथे एकच वाट व्यवहार्य आहे: हळव्या भाताचे, बांधालगतचे आणि उंचावरचे खाचर निवडावे, कापणीपूर्वी आठवडाभर पाणी काढून टाकावे, भोवती वीतभर खोल चर खणावा आणि पायाखालची माती चिकटेनाशी झाली की पेरणी करावी. गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या, भाताच्या खोलगट खाचरात जवाचा नाद न केलेलाच बरा. तेथील ओलीवर वाल अधिक भरवशाचा आहे. सिंचनासाठी खाडीचे पाणी झिरपणारी विहीर असेल, तर तिचे पाणी तपासल्याशिवाय दोन्हींपैकी कोणतेही पीक घेऊ नये.

हवामानाची मर्यादा दोन्हींना सारखीच बाधते. किनाऱ्यालगत रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली क्वचितच उतरते. त्यामुळे फुटवे कमी येतात, पीक लवकर निसवते आणि दाणा बारीक राहतो. गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. उशीर झालाच तर निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचा एनआयएडब्ल्यू ३४ हा उशिराच्या पेरणीचा वाण किंवा दोन्ही वेळांना चालणारा फुले समाधान घ्यावा, पण १५ डिसेंबरनंतर पेरू नये. जवाचे वाण मुख्यत्वे उत्तर भारतासाठी निघालेले आहेत. क्षारपड जमिनीसाठी तिकडे आरडी २५५२ हा वाण वापरात आहे. तो कोकणच्या दमट हवेत कसा वागतो, हे आधी आपल्या एका गुंठ्यावर पाहावे आणि मगच क्षेत्र वाढवावे.

गुंठ्याला गव्हाचे सव्वा किलो आणि जवाचे एक किलो बियाणे पुरेसे होते. दोन्ही पिकांच्या ओळींत २० ते २२ सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि बियाणे ५ सेंटीमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये. गव्हाला गुंठ्यामागे सुमारे १.२ किलो नत्र लागते. त्यातील अर्धे पेरताना आणि अर्धे तीन आठवड्यांनी, पहिल्या पाण्याबरोबर द्यावे. हे पाणी मुकुटमुळे फुटण्याच्या वेळचे असल्याने चुकवू नये. जवाला याच्या निम्मे नत्र पुरते, आणि हिरवेगार दिसावे म्हणून जास्त दिल्यास ताटे लोळतात. गव्हाला एकूण चार ते सहा पाणी द्यावे लागते, जवाचे दोन-तीन पाण्यांत भागते. त्यांपैकी एक फुटव्यांच्या वेळी आणि एक दाणे भरताना दिलेच पाहिजे. दव आणि उबदार हवेमुळे पानांवर तपकिरी ठिपक्यांचा करपा येतो व तो जवाला लवकर गाठतो. मावा दोन्हींवर येतो, म्हणून पोंग्यातील पाने आठवड्यातून एकदा उलटून पाहावीत.

घरी खाण्यासाठी पेरणाऱ्यांनी पिठाचा फरकही जाणून घ्यावा. गव्हाच्या पिठात ग्लियाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने पाण्याशी मिळून लवचिक ग्लुटेन तयार करतात, म्हणून पोळी लाटता येते. जवाच्या पिठाला तसा ताण येत नाही. तांदळाच्या भाकरीप्रमाणे उकड काढून ते मळावे किंवा गव्हाच्या पिठात चौथा हिस्सा मिसळावे. मात्र जवातील हॉर्डिन हे प्रथिनही सिलिअ‍ॅक (ग्लुटेन न सोसणाऱ्या) रुग्णांना तितकेच अपायकारक असते. ज्याला डॉक्टरांनी गहू बंद केला आहे त्याला जवाची भाकरी अजिबात देऊ नये.

पुढच्या हंगामासाठी बी ठेवायचे असल्यास मार्चमध्ये कापणी झाल्यावर दाणे उन्हात पातळ पसरून, दाताखाली कट्ट असा आवाज येईपर्यंत वाळवावेत. ओलावा १२ टक्क्यांच्या वर राहिला तर पहिल्या पावसाबरोबर टोके (धान्यातले किडे) लागतात. वाळलेले बी सावलीत थंड होऊ द्यावे आणि हवाबंद डब्यात भरून गहू व जव यांच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या आत टाकाव्यात.