भरपाईच्या अर्जाआधी काय काय हाताशी ठेवाल

खून, बलात्कार, ॲसिडहल्ला, जायबंदी करणारी मारहाण. अशा गुन्ह्यात सरकारी भरपाई किती द्यायची ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवतं. हे कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, त्यामुळे कलेक्टर कचेरीत चकरा मारू नका. ‘आरोपीच सापडला नाही, मग भरपाई कसली?’ असं कोणी सुनावेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ दाखवा. आरोपीचा पत्ता लागला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती किंवा तिच्यावर अवलंबून असलेले अर्ज करू शकतात.

आधार, फोटो, पासबुक हे सांगायला नको. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, तो हक्क आहे. डिस्चार्ज कार्ड घ्या. मेडिकलची बिलं त्या गुळगुळीत थर्मल कागदावर असतात, काही महिन्यांत कोरी पडतात, तेव्हा आजच झेरॉक्स काढा. मूळ कागद कोणालाही देऊ नका, फक्त दाखवा. ॲसिडहल्ला किंवा बलात्कार असेल तर प्रथमोपचार आणि उपचार खासगी दवाखान्यानेही मोफत आणि ताबडतोब द्यायचे असतात (कलम ३९७). ‘आधी डिपॉझिट भरा’ चालत नाही.

आता पोच. अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही. ‘ठेवून जा, साहेब आले की बघतो’ म्हणाले तरी हलू नका. गेल्या खेपेला आम्ही तसेच ठेवून आलो आणि पुढे ‘असा अर्ज आलेलाच नाही’ हे ऐकलं. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असं कायदा म्हणतो, पण हातात पोच नसेल तर ते दोन महिने मोजायचे कुठून? नंतर जोडलेल्या एकेका कागदाचीही पोच घ्या. नुसत्या बिलाचीसुद्धा. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारून मागा, लाजू नका.

अंतरिम मदत, म्हणजे अंतिम निर्णयाआधी मिळणारी रक्कम, त्याच अर्जात मागा, आपणहून कोणी विचारत नाही. वकील परवडत नसेल तर त्याच प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईला आणि मुलाला उत्पन्नाची अट नाही. ॲट्रॉसिटीची मदत समाजकल्याण खात्याकडून मिळते, तो पाठपुरावा वेगळा. महिला किंवा बालकाच्या प्रकरणात मंजूर रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो, त्या भरवशावर उधारी करू नका.