खोबरेल मापाने नव्हे, वजनाने

घरी साबण करताना एक घाणा मऊ व्हायचा, दुसरा हाताला चुरचुरायचा. कृती तीच, भांडंही तेच. गोम तेल मोजण्यात निघाली.

खोबरेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं. त्याखाली ते थिजतं, आणि थिजलेलं तेल कपात भरताना मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. पातळ तेलाचंही ५०० मिलि म्हणजे ५०० ग्रॅम नव्हे, घनता ०.९२ च्या आसपास, म्हणून वजन भरतं सुमारे ४६० ग्रॅम. साबणात हा फरक भोवतो. एक ग्रॅम खोबरेलाला अंदाजे ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. ५०० ग्रॅमचा हिशेब धरून, पाच टक्के सोडा कमी घेतला तरी तो ८७ ग्रॅम होतो. ४६० ग्रॅम तेलाला मात्र ८४ च पुरतो. उरलेला सोडा कातडीला झोंबणारच.

इतका सोडा का? खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल, म्हणजे तेल ज्या मेदाम्लांचं बनतं त्यांतलं एक, बारा कार्बनची आखूड साखळी. साखळ्या आखूड, म्हणजे तेवढ्याच वजनात रेणू जास्त, आणि प्रत्येकाला सोड्याचा वाटा हवा. बहुतेक साखळ्या संपृक्त, म्हणजे कार्बनमध्ये दुहेरी बंध नसलेल्या सरळ, म्हणूनच ते इतक्या सहज थिजतं.

आता डिजिटल काटा वापरते. अर्धवट थिजलेल्या डब्यातलं वरचं पातळ तेल तसंच ओतून घेत नाही, कारण आधी थिजतो तो भाग घटकांनी थोडा वेगळा असतो. अख्खा डबा कोमट पाण्यात ठेवून, पूर्ण वितळवून, ढवळून मगच वजन. सोडाही काट्यावरच, हातमोजे घालून.