रेल्समधील कॉलबॅक : या चुका टाळा

लातूरच्या मोंढ्यातील एखाद्या आडत दुकानासाठी रुबी ऑन रेल्स या वेब-अ‍ॅप बनवण्याच्या फ्रेमवर्कमध्ये हिशोबपट्टीचे अ‍ॅप करायचे आहे, असे समजू. सोयाबीनचे वजन व भाव भरला की हमाली-तोलाई वजा जाता रक्कम निघावी आणि शेतकऱ्याला एसएमएस जावा, ही दोन्ही कामे मॉडेलच्या (डेटाबेसमधील रेकॉर्ड हाताळणाऱ्या क्लासच्या) कॉलबॅकवर, म्हणजे रेकॉर्ड सेव्ह होताना किंवा पुसताना आपोआप चालणाऱ्या मेथडवर, टाकण्याचा मोह होतो. पहिले काम सेव्हच्या आधी चालणाऱ्या बिफोर_सेव्हमध्ये शोभते. फसगत होते ती दुसऱ्यात.

आफ्टर_सेव्ह चालतो तेव्हा डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणारे किंवा एकत्र रद्द होणारे बदल) पूर्ण झालेले नसते. एसएमएसचे काम तिथूनच साइडकिक या मागे कामे चालवणाऱ्या साधनाच्या रांगेत टाकले, तर ते चालवणारा वर्कर ते कमिटच्या, म्हणजे बदल पक्के होण्याच्या, आधीच उचलू शकतो आणि त्याला पट्टीच सापडत नाही. पुढच्या प्रयत्नात काम आपोआप होऊन जात असल्यामुळे हा दोष बरेच दिवस झाकलेला राहतो. रांग टाळून एसएमएस थेट तिथेच पाठवणे तर अधिक वाईट, कारण एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेने एरर दिली की पट्टीच रोलबॅक, म्हणजे रद्द, होते आणि संदेश गेल्यावर ट्रान्झॅक्शन फसले, तर न झालेल्या पट्टीचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचलेला असतो. अशा कामांची जागा आफ्टर_कमिट हीच. मात्र आफ्टर_क्रिएट_कमिट आणि आफ्टर_अपडेट_कमिट या दोन्हींना एकाच मेथडचे नाव दिले, तर शेवटचाच कॉलबॅक लागू राहतो.

कॉलबॅक चाललाच नाही, अशी तक्रार आली तर आधी कोडमध्ये अपडेट_ऑल, अपडेट_कॉलम आणि डिलीट या थेट डेटाबेसमध्ये बदल करणाऱ्या मेथड शोधाव्यात. या तिन्ही कॉलबॅकला वळसा घालतात. म्हणून चुकलेला भाव अपडेट_ऑलने एकदम दुरुस्त केला, की भाव नवा आणि रक्कम जुनी, अशा पट्ट्या तयार होतात.

आफ्टर_सेव्हमध्ये त्याच रेकॉर्डवर विनाअट पुन्हा सेव्ह केल्यास कॉलबॅक स्वतःलाच बोलावत राहतो आणि शेवटी 'स्टॅक लेव्हल टू डीप' ही एरर दिसते. जुने कोड चालवणाऱ्यांनी हेही पाहावे, की 2016 मध्ये आलेल्या रेल्स 5 पासून सेव्ह थांबवण्यासाठी फॉल्स परत करणे पुरत नाही, थ्रो :अबॉर्ट लिहावे लागते.

नोंदी असलेली पट्टी पुसू न देणारा बिफोर_डिस्ट्रॉय हा डिपेंडंट: :डिस्ट्रॉय (पट्टीसोबत तिच्या नोंदीही पुसा) असलेल्या हॅज_मेनीच्या (एका पट्टीला अनेक नोंदी जोडणाऱ्या ओळीच्या) खाली लिहिला, तर नोंदी आधीच पुसल्या जातात, तपासणीला काहीच सापडत नाही आणि पट्टीही निमूट जाते. म्हणून तो कॉलबॅक वर घ्यावा किंवा आधी चालावा यासाठी त्याला प्रीपेंड: ट्रू द्यावे.