डीजेसाठी हेडफोन घेताना आधी सांधे आणि वायर बघा

लग्नसराईत संभाजीनगर रोडवरच्या एका लॉन्समध्ये हळदीला वाजवताना माझा पहिला हेडफोन हातातच तुटला. आवाज छान होता त्याचा. पण कानावरचा कप डोक्यावरच्या पट्टीला जिथे जोडलेला असतो, तिथल्या प्लास्टिकला केसाएवढी चीर गेली होती आणि ती माझ्या लक्षातच आली नव्हती. उरलेला कार्यक्रम चिकटपट्टी गुंडाळून काढला. तेव्हापासून मी आवाजाच्या आधी सांधे बघतो.

सुरुवातीलाच वायरलेसचा मोह सोडा. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० बीट असलेल्या गाण्यात एक बीट अर्ध्या सेकंदाची असते. साध्या ब्लूटूथवर आवाज कानात पोचायला १०० ते २०० मिलिसेकंद उशीर होऊ शकतो. एवढ्या फरकाने पुढच्या गाण्याची बीट चालू गाण्याशी जुळत नाही.

मग कप बघा. मागून पूर्ण बंद, म्हणजे क्लोज्ड-बॅकच हवेत. बाजूला टॉप-बेसचे मोठे स्पीकर घुमत असताना बाहेरचा आवाज अडला नाही, तर नकळत हेडफोनचा व्हॉल्यूम वाढत जातो. ८५ डेसिबल ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा कानांचा हिशोब धरतात. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! कान गेले की परत येत नाहीत, म्हणून या बाबतीत अजिबात तडजोड करू नका.

खोक्यावर इम्पिडन्स, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो तो ओहममधला आकडा, वाचा. ३२ ते ७० ओहम असेल तर लॅपटॉपला जोडायच्या छोट्या डीजे कंट्रोलरवरही पुरेसा आवाज येतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये येतो. त्यातला २५० ओहमचा स्वस्तात मिळाला तरी तो स्टुडिओसाठी आहे.

आता खरी परीक्षा, आणि तिला घाई नको. दुकानात जा किंवा ऑनलाइन मागवून परतीची मुदत आहे तोवर घरी करा. हेडफोन डोक्यावर नाही, आधी कानाजवळ धरा आणि कप सावकाश फिरवा. कुरकुर ऐकू आली तर तो सांधा लवकर जाणार. पट्टी दोन्ही हातांनी ताणा आणि आतून धातूची पाती आहे का ते चाचपा. मग गाणं लावून जॅकजवळची वायर चारी बाजूंना हलवा. एका कानातला आवाज क्षणभरही खरखरला तर तो पीस परत ठेवा. शेवटी एकच कप कानाला लावून मान आणि खांद्याच्या मध्ये धरून बघा, कारण निम्मा वेळ तुम्ही असेच उभे असणार.

वायर सुटी होते का, हे मी सगळ्यात वर ठेवतो, कारण बहुतेक वेळा आधी तीच जाते. ऑडिओ-टेक्निकाच्या एम२०एक्सची वायर पक्की बसवलेली असते, एम४०एक्सची काढता येते आणि त्याचे कपही फिरतात. थोडे पैसे जास्त गेले तरी मी एम४०एक्सच घेईन. सेनहायझरचा एचडी २५ १९८८ पासून चालू आहे. वायर सोडून वजन १४० ग्रॅम, आणि पॅड, वायर, पट्टी सगळं वेगवेगळं बदलता येतं. नवा परवडत नसेल तर जुना बघा, मात्र वरची परीक्षा त्याचीही घ्या.

घरी आणल्यावर मे महिन्यातला घाम लक्षात ठेवा. कार्यक्रम संपला की पॅड कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर रेक्झिनचे काळे पापुद्रे सुटून गालाला चिकटायला लागतात. वायर हेडफोनला घट्ट गुंडाळू नका, सैल वेटोळं करा. आणि ३.५ मिमीच्या छोट्या जॅकवरून ६.३५ मिमीच्या मोठ्या जॅकचा जास्तीचा अडॅप्टर आजच बॅगेत टाका. मोठ्या मिक्सरला तोच लागतो, आणि रात्री नऊ वाजता लॉन्सवर तो विकत मिळत नाही.