वस्तीतल्या मुलांसोबत काम सुरू करताय? आधी हे वाचा

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेले किंवा कॉलेजात एनएसएस केलेले बरेच जण विचारतात की किशोरवयीन मुलांसोबतच्या कामात नक्की करायचं काय असतं, म्हणून लिहितेय. मी पुण्यात वस्तीपातळीवर 10 ते 19 वयाच्या मुलामुलींचे गट चालवते. सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 साली सुरू झाला, त्यातही हाच वयोगट धरलाय.

नवीन माणूस येतो तो गेम्स, चार्टपेपर, अ‍ॅक्टिव्हिटीची फाईल घेऊन. ते लागतंच. पण पोरं वेगळंच बघत असतात, ही ताई पुढच्या शनिवारी परत येते का. फोटो काढून गायब झालेले लोक त्यांनी खूप बघितलेत. त्यामुळे वार एकच, वेळ एकच, आणि जमणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप गेलाच पाहिजे.

मुली येत नाहीत म्हणून रिपोर्टात "इंटरेस्ट नाही" असं लिहून मोकळं होऊ नका. एका वस्तीत नळाला पाणी संध्याकाळी सहाला यायचं आणि गटाची वेळही तीच, मग हंडे सोडून मुलगी येणार कशी? वेळ साडेचारची केली, घरोघरी जाऊन आयांशी बोललो, मग यायला लागल्या.

दहावीच्या निकालाचा दिवस मात्र कॅलेंडरवर आत्ताच राखून ठेवा. निकाल दुपारी एकला ऑनलाइन लागतो आणि ज्याच्याबद्दल धाकधूक आहे त्याच्या घरी त्या दुपारी कुणीतरी असायला हवं. एकाच्या घरी गेले तर पोरगा पोटमाळ्यावर जाऊन बसलेला, खाली वडील म्हणतायत उद्यापासून गॅरेजला जा, वर्ष गेलं तुझं. राहिले होते दोन विषय, गणित आणि इंग्रजी. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षाही असते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. कागदावर दोन विषय, फॉर्म कुठे भरायचा, कुणाला भेटायचं एवढं लिहून दिलं, तेव्हा कुठे तो खाली उतरला आणि जेवला. आत्मविश्वासावरची दहा सेशन्स एका बाजूला आणि ही अर्ध्या तासाची माहिती एका बाजूला, असं मला मनापासून वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "ताई सांगते, पण कुणाला सांगू नका" असं कुणी म्हणालं तर पटकन हो म्हणू नका. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्यातल्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून आधीच सांगा, की तुझ्या जिवाला धोका असेल तर मला योग्य माणसाशी बोलावं लागेल, पण ते तुला सांगूनच करेन आणि तुझ्यासोबत थांबेन. मूल तरीही बोलतं, बहुतेक वेळा बोलतंच.

आणि आपण समुपदेशक नाही हे लक्षात असू द्या. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कुणी केली तर त्याला एकटं सोडू नका, टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि चाइल्डलाइनचा 1098 हे दोन्ही नंबर फोनमधे सेव्ह हवेत, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात किशोरांसाठीचं मैत्री क्लिनिक आहे का ते पहिल्याच महिन्यात जाऊन बघून या.

नोकरी घेताना पगाराबरोबर हेही विचारा, की संस्थेचं लेखी बालसंरक्षण धोरण आहे का, आणि रात्री अकराला एखाद्या मुलीचा रडत फोन आला तर मी कुणाला फोन करायचा. यावर नाव आणि नंबर मिळाला तरच जॉइन व्हा.